सेन्सर तोच, फोटो वेगळा

२०१८ साली भारतात दोन फोन थोड्याच अंतराने आले. ऑगस्टमध्ये शाओमीने पोको हा नवा ब्रँड काढून एफ१ बाजारात आणला, किंमत २०,९९९ रुपये. ऑक्टोबरमध्ये गूगलने पिक्सेल ३ जाहीर केला, किंमत ७१,००० रुपयांपासून पुढे. दोन्हींचा प्रोसेसर एकच, क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८४५. मागच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सरही एकच, सोनीचा आयएमएक्स३६३. असं असून पिक्सेलच्या फोटोंची जगभर वाहवा झाली आणि पोकोच्या कॅमेऱ्याबद्दल ‘पैशाच्या मानाने ठीक’ असं म्हणून लोक पुढे गेले.

पिक्सेलची बाजू थोडी जड होती, हे मान्य. त्याचं भिंग एफ १.८चं, पोकोचं एफ १.९चं. पिक्सेलमध्ये हाताची थरथर सांभाळणारी ओआयएस यंत्रणा होती, पोकोमध्ये नव्हती. फोटोवर प्रक्रिया करणारी एक वेगळी चिपही गूगलने आत बसवली होती. पण एवढ्याने तो फरक पुरता समजत नाही. कारण पुढे पोको वापरणाऱ्यांनी गूगलच्याच कॅमेरा ॲपची जुळवून घेतलेली आवृत्ती आपल्या फोनवर टाकली आणि त्याच भिंगातून, त्याच सेन्सरवरून रात्रीचे फोटो एकदम वेगळे येऊ लागले.

ही गंमत नीट समजली की कस्टम रॉमवाल्यांची, म्हणजे कंपनीची प्रणाली काढून इतरांनी बांधलेलं अँड्रॉइड टाकणाऱ्यांची, जुनी तक्रारही समजते. रॉम टाकला, फोन सुसाट पळतो, जाहिराती गेल्या, बॅटरी टिकते, पण कॅमेरा मात्र पडला! भिंगाला किंवा सेन्सरला तर कुणी हात लावलेला नाही. मग पडलं काय?

अँड्रॉइडचा गाभा ओपन सोर्स आहे. तो कुणीही घ्यावा, बदलावा, आपल्या फोनसाठी बांधावा. २००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिक यांनी सुरू केलेला सायनोजेनमॉड हा या वाटेवरचा सगळ्यात गाजलेला प्रकल्प. २०१६च्या अखेरीस त्यामागच्या कंपनीने त्याच्या सेवा बंद केल्या आणि त्याच कोडमधून लिनिएजओएस उभा राहिला. शिवाय सुरक्षेला वाहिलेला ग्राफीनओएस आहे, गूगलपासून सुटका हवी असणाऱ्यांसाठी ई-ओएस आहे आणि एकेका फोनसाठी हौशी पोरांनी रात्री जागून बांधलेले असंख्य रॉम आहेत. कंपनीने अपडेट बंद केलेला फोन यांच्या जोरावर आणखी तीन-चार वर्षं सहज चालतो. अडचण एवढीच की ओपन सोर्स गाभा आणि कॅमेऱ्याचा सेन्सर यांच्यामध्ये जे काही आहे, ते जवळजवळ सगळं कुलूपबंद आहे.

सेन्सर खरं तर काय देतो ते पाहू. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलवर रंगीत गाळणी असते, आणि एका पिक्सेलला एकच रंग दिसतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६चं. चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ६० लाख पिक्सेलांनी फक्त हिरवा मोजलेला असतो, ३० लाखांनी लाल आणि ३० लाखांनी निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे. आपण ज्याला रंगीत फोटो म्हणतो, त्यातली दोन तृतीयांश रंगमाहिती अशी हिशेबाने भरलेली असते.

हा कच्चा माल तसाच पडद्यावर दाखवला तर कुणीही फोन परत करेल. सगळ्या चित्रावर हिरवट झाक, कोपरे काळवंडलेले, काळा रंग राखाडी, आणि सावलीत रंगीबेरंगी ठिपक्यांचा सडा. काळ्याची पातळी खाली आणायची, कोपरे उजळायचे, रंग भरायचे, पिवळ्या बल्बखालचा पांढरा शर्ट पांढरा दिसेल असा तोल साधायचा, ठिपके पुसायचे पण केसांच्या बटा पुसायच्या नाहीत, अशी सगळी कामं प्रोसेसरमधला एक खास विभाग, आयएसपी, सेकंदाच्या अंशात उरकतो. मात्र ती किती प्रमाणात करायची हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. या सांगण्याला ट्यूनिंग म्हणतात. कंपनीच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या दिव्यांखाली रंगपट्ट्यांचे फोटो काढून, ठरावीक सेन्सर आणि ठरावीक भिंग यांच्या जोडीसाठी आकड्यांचे तक्ते तयार केले जातात. क्वालकॉमच्या जगात या तक्त्यांना क्रोमॅटिक्स म्हणतात. भिंग बदललं की तक्ते बदलले. एकाच मॉडेलच्या फोनांत कधी दोन पुरवठादारांची कॅमेरा मॉड्यूल असतात, त्यांचेही तक्ते निराळे.

आता कुलपाकडे येऊ. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे आणि त्याच्या परवान्यानुसार कंपन्यांना कर्नलचं सोर्स द्यावंच लागतं. म्हणून कंपन्यांनी शहाणपणा असा केला, की कर्नलमध्ये कॅमेऱ्याचा जेमतेम सांगाडा ठेवला आणि सगळी अक्कल वरच्या थरात, बंद फाइलींमध्ये नेली. या फाइलींना रॉमवाले ‘ब्लॉब’ म्हणतात. रॉम बांधणारा मूळ कंपनीच्या फर्मवेअरमधून हे ब्लॉब जसेच्या तसे उचलतो आणि आपल्या रॉममध्ये बसवतो. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, दुरुस्तही करता येत नाही. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर प्रोजेक्ट ट्रेबल आलं, कंपनीच्या फाइलींसाठी वेगळं व्हेंडर पार्टिशन ठरलं, तेव्हापासून हे काम थोडं सुसह्य झालं. तरी नव्या अँड्रॉइडशी जुन्या ब्लॉबचं पटलं नाही की कॅमेरा उघडताक्षणी बंद पडतो, आणि तो रॉम सांभाळणारा बिचारा मेंटेनर फुकट केलेल्या कामाबद्दल शिव्या खातो.

म्हणजे ट्यूनिंगचे तक्ते बहुधा रॉमसोबत येतात. दिवसाच्या उजेडात लिनिएजवर काढलेला फोटो म्हणूनच मूळ फोनच्या बराच जवळ जातो. येत नाही तो त्याच्या वरचा थर: कंपनीचं स्वतःचं कॅमेरा ॲप. नाईट मोड, पोर्ट्रेट, एचडीआर यांची गणितं बऱ्याचदा त्या ॲपमध्ये किंवा त्याच्या सोबतच्या लायब्रऱ्यांमध्ये असतात. ते ॲप कंपनीच्या स्वतःच्या प्रणालीवर, म्हणजे शाओमीच्या जुन्या फोनांतल्या एमआययूआयवर किंवा सॅमसंगच्या वन यूआयवर, विसंबून असतं. साध्या अँड्रॉइडवर ते उचलून टाकलं तर चालतच नाही. मग हातात उरतं साधं ॲप. लिनिएजचं ॲपर्चर किंवा मार्क हार्मन यांचं जुनंजाणतं ओपन कॅमेरा, दोन्ही चांगली ॲप आहेत. पण बटण दाबलं की बहुतेक वेळा एक चौकट घेतात आणि तीच देतात. आजचा महागडा फोन एका चौकटीचा फोटो देतच नाही.

दिवाळीच्या संध्याकाळी गॅलरीत टांगलेला आकाशकंदील हे यासाठी उत्तम परीक्षापत्र आहे. कंदील झगझगीत, मागची भिंत अंधारात, आणि बाजूला उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या एकाच गालावर उजेड. एका चौकटीत कंदिलाची नक्षी पकडायची तर चेहरा बुडतो, आणि चेहरा उजळवायचा तर कंदिलाचा पांढरा गोळा होतो. गूगलमध्ये मार्क लेव्हॉय यांच्या गटाने एचडीआर प्लस नावाने जो तोडगा काढला तो २०१३ मध्ये नेक्सस ५वर आला, आणि २०१६ मध्ये त्यांनी त्याची कृती शोधनिबंधात उघडपणे मांडली. युक्ती उलटी आहे. वेगवेगळ्या उजेडाचे फोटो काढून ते जोडण्याऐवजी सगळ्या चौकटी मुद्दाम कमी उजेडाच्या आणि एकसारख्या काढायच्या. त्यामुळे कंदिलाची नक्षी शाबूत राहते. सावल्या काळ्या आणि ठिपक्यांनी भरलेल्या येतात, पण ठिपके प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी पडतात आणि खरा तपशील मात्र जागचा हलत नाही. चौकटींची सरासरी काढली की ठिपके विरतात. ९ चौकटी जुळवल्या तर हा गोंधळ एक तृतीयांशावर येतो. मग सावल्या निर्धास्त उजळवायच्या.

खरी मेहनत जुळवण्यात आहे. हात हलतो, माणूस हलतो, वाऱ्याने कंदिलाच्या झिरमिळ्या हलतात. म्हणून पहिल्या काही चौकटींतली सर्वांत स्पष्ट चौकट आधार धरायची, बाकीच्यांचे छोटे छोटे चौकोन करून प्रत्येक चौकोन कुठे सरकलाय ते शोधायचं, आणि जो जुळत नाही त्याला सरासरीत घ्यायचंच नाही. झिरमिळ्यांचं भूत फोटोत उमटत नाही ते यामुळे. २०१८च्या नाईट साइटने, म्हणजे गूगलच्या रात्रीच्या मोडने, हेच पुढे नेलं. फोन हातात असेल तर एका सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या १५पर्यंत चौकटी, कशावर टेकवून ठेवला असेल तर पूर्ण एकेका सेकंदाच्या ६. पिक्सेल ३ पासून पिक्सेल ५ पर्यंत मुख्य सेन्सर तोच आयएमएक्स३६३ राहिला आणि तरी दरवर्षी फोटो सुधारत गेले, यातच सगळं आलं.

हे ॲप इतर फोनवर चालवण्याच्या खटपटीतून ‘जीकॅम’ नावाचा एक अख्खा छंद जन्माला आला. मूळ ॲप बंद आहे. मॉडर लोक ते उघडून, पिक्सेलसाठीच्या तपासण्या काढून, पुन्हा बांधतात. हक्काच्या दृष्टीने हे काही सोवळ्यातलं काम नाही. पण रॉम वापरणाऱ्यांत जीकॅम न टाकणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. अडचण अशी की ॲपमधली गणितं पिक्सेलचा सेन्सर गृहीत धरून केलेली. अमुक उजेडात किती ठिपके पडतील, काळ्याची पातळी कुठे आहे, कुठला रंग किती ढळतो, हे सगळं प्रत्येक सेन्सरचं वेगळं. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावल्यासारखं होतं: दिसतं, पण आकाश जांभळट आणि चेहरे हिरवट. म्हणून मग एकेका फोनसाठी कॉन्फिग फाइली बनतात आणि हौशी मंडळी त्या एकमेकांना पाठवतात. पोको एफ१ वर जीकॅम इतकं बेमालूम बसलं, कारण सेन्सर आणि प्रोसेसर दोन्ही आधीच पिक्सेलचे होते.

आणि हे ॲप चालण्याआधीच कित्येक फोनांत दार बंद असतं. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ बरोबर कॅमेरा-टू नावाची सोय आली. तिच्यामुळे बाहेरच्या ॲपला सेन्सरचा कच्चा माल, शटरचा वेग, फोकस हे सगळं हाती मिळू शकतं. ‘मिळू शकतं’ म्हणालो, कारण किती द्यायचं ते कंपनी ठरवते. लेगसी, लिमिटेड, फुल आणि लेव्हल ३ अशा पायऱ्या आहेत, आणि लेगसीवाल्या फोनमध्ये बाहेरच्या ॲपला जवळजवळ काहीच मिळत नाही. २०१७चा शाओमी मी ए१ आठवतो का? गूगलच्या अँड्रॉइड वन योजनेतला, आपल्याकडे चिकार खपलेला. त्यात ही सोय होती, पण बंद करून ठेवलेली. बिल्ड-प्रॉप नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ‘एचएएल ३ एनेबल्ड’च्या पुढे १ लिहिलं आणि फोन पुन्हा चालू केला की जीकॅम धावू लागायचं. एक आकडा! तेवढ्यासाठी लोकांनी बूटलोडर, म्हणजे फोनच्या प्रणालीत ढवळाढवळ करू न देणारं कुलूप, उघडले, वॉरंटीचा विचार सोडून दिला.

दुसरा प्रकार याहून मजेशीर आहे. बऱ्याच क्वालकॉम फोनांत मुख्य कॅमेरा सगळ्या ॲपना दिसतो, पण वाइड, मॅक्रो, टेली हे जादा कॅमेरे फक्त एका यादीतल्या ॲपनाच दिसतात. यादीत असतात ॲपची अंतर्गत नावं. कंपनीचं स्वतःचं ॲप, क्वालकॉमचं स्नॅपकॅम आणि अशी चार-दोन ओळखीची नावं. दरवान चेहरा बघत नाही, फक्त नाव विचारतो. मॉडरांनी मग जीकॅमची तीच आवृत्ती वेगवेगळ्या अंतर्गत नावांनी काढायला सुरुवात केली. एक स्नॅपकॅमच्या नावाने, एक सॅमसंगच्या कुठल्याशा उपयुक्त ॲपच्या नावाने. वापरणारा चक्रावतो की एकाच आवृत्तीच्या पाच फाइली कशाला. तर ज्या नावाने आपल्या फोनचा दरवान आत सोडेल ती आपली.

काही कंपन्यांनी दार नुसतं बंद ठेवलं नाही, ते उघडण्याची किंमतही लावली. सोनीच्या एक्सपीरिया फोनांत बूटलोडर उघडला की काही सुरक्षा-किल्ल्या कायमच्या पुसल्या जात आणि त्यांच्याबरोबर कॅमेऱ्याची प्रगत गणितंही जात. कमी उजेडातले फोटो लगेच खरखरीत व्हायचे. निदान सोनी हे आधी सांगत तरी होती. २०२१ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी झेड फोल्ड ३ चा बूटलोडर उघडल्यावर सगळे कॅमेरे बंदच पडतात असं आढळलं. पुन्हा कुलूप लावलं की चालू. दीड लाखाच्या घरातला फोन, आणि त्याच्या भिंगावर हक्क कुणाचा याचं इतकं रोखठोक उत्तर क्वचितच मिळतं.

गूगलवर विश्वास नसणाऱ्यांना कॅमेऱ्यासाठी उत्तम फोन कुठला, तर गूगलचाच. यातला विनोद ग्राफीनओएस वापरणाऱ्यांनाही ठाऊक आहे. ही प्रणाली आजवर चालत आली ती पिक्सेलवरच, आणि त्याचं कारण कॅमेरा नसून पिक्सेलची सुरक्षा-चिप व वेळेवर येणारे अपडेट. पण कॅमेऱ्याचा फायदा आपसूक होतो. नव्या पिक्सेलमध्ये एचडीआर प्लसची बरीच प्रक्रिया खालच्या थरातच होते, त्यामुळे ग्राफीनच्या स्वतःच्या साध्या ॲपचे फोटोही छान येतात. शिवाय हे ॲप फोटोसोबत जाणारी वेळेची आणि फोनची माहिती मुळातच पुसून टाकतं. त्याहून जास्त हवं असेल तर गूगलचं मूळ कॅमेरा ॲप टाका आणि त्याची इंटरनेटची परवानगी काढून घ्या. नाईट साइट चालतं, आणि ॲपला कुणाशी बोलता येत नाही. माझ्या मते कस्टम प्रणाली आणि चांगला फोटो यांचा सगळ्यात कमी तडजोडीचा मेळ आज हाच आहे.

ज्यांना एकही बंद फाइल नको, त्यांचा रस्ता फार खडतर आहे. पाइन६४चा पाइनफोन अँड्रॉइडवर नव्हे, सरळ लिनक्सवर चालतो. मागचा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा. त्याच्यासाठी मार्टिन ब्राम यांनी मेगापिक्सेल्स नावाचं ॲप लिहिलं. ते सेन्सरच्या कच्च्या चौकटी घेऊन सगळी प्रक्रिया उघड्यावर, सॉफ्टवेअरमध्ये करतं. वर सांगितलेला हिरवट, कोपरे काळवंडलेला माल अनेकांनी पहिल्यांदा पाहिला तो इथे. प्युरिझम कंपनीचा लिब्रेम ५ सुरुवातीच्या ग्राहकांच्या हातात पडला तेव्हा तर त्याचा कॅमेरा चालतच नव्हता. ड्रायव्हर मागाहून लिहिले गेले. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फोनसारखे फोटो येतात म्हणून लोक हसतात. मला ते हसणं पटत नाही. मोठ्या कंपन्यांचे ताफे प्रयोगशाळेत जे करतात ते इथे दोन-चार माणसं सेन्सरच्या अपुऱ्या माहितीपत्रकावरून करत होती.

या बाजूला काहीच हललेलं नाही असंही नाही. २०१८ मध्ये लिबकॅमेरा हा प्रकल्प सुरू झाला. लिनक्सवरच्या कॅमेऱ्यांसाठी एक सामाईक, खुला थर उभारणं हे त्याचं काम. २०२४ मध्ये त्यात सॉफ्टवेअर आयएसपी आला, म्हणजे प्रोसेसरमधला बंद आयएसपी न वापरता कच्च्या मालाचं चित्र करण्याची सोय. आणि ट्यूनिंग उघडं ठेवता येतं याचा पुरावा फोनमध्ये नसला तरी रास्पबेरी पायमध्ये आहे. या छोट्या संगणकाच्या कॅमेऱ्याचे तक्ते साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. आयएमएक्स४७७ सेन्सरची फाइल उघडली की कोपरे किती उजळायचे, कुठल्या दिव्याखाली रंग कसे फिरवायचे, याचे आकडे रांगेने दिसतात. नवे तक्ते कसे बनवायचे याची पुस्तिका आणि साधनही ते लोक देतात. फोन कंपन्या ज्याला गुपित म्हणतात, ते इथे कुठलाही अभियांत्रिकीचा विद्यार्थी उघडून वाचू शकतो.

फोनच्या जगात मात्र वारं उलट्या दिशेचं आहे. जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ चं सोर्स आलं, पण पिक्सेल फोनांसाठीच्या ज्या जोडफाइली गूगल वर्षानुवर्षं त्याच्यासोबत देत असे, त्या आल्या नाहीत. पिक्सेलसाठी रॉम बांधणाऱ्यालाही आता इतर फोनांसारखंच फर्मवेअर उकरून ब्लॉब काढत बसावं लागतं.

तेव्हा जुना फोन काढून त्यावर रॉम टाकायचा बेत असेल तर आधी तीन-चार गोष्टी पाहून घ्याव्यात. आपल्या फोनच्या नेमक्या मॉडेलसाठी मेंटेनरने ‘काय चालत नाही’ या यादीत कॅमेऱ्याबद्दल काय लिहिलंय. मूळ प्रणालीवर असतानाच कॅमेरा-टूची पायरी तपासणारं एखादं ॲप चालवून ती फुल किंवा लेव्हल ३ आहे का. बूटलोडर उघडल्यावर कंपनी काही काढून घेते का. आणि एकाच जागी, एकाच उजेडात, मूळ ॲपने काढलेले दहाएक फोटो संगणकावर जपून ठेवावेत. नंतर ‘पूर्वी बरं येत होतं’ असं वाटायला लागलं, तर ताडून पाहता येतं. बँकेची आणि यूपीआयची ॲप रॉमवर रुसतात ते वेगळंच. पण ती रडकथा कॅमेऱ्याची नाही.